आधी जुनी बाटली शोध

बडोद्याच्या वाडी भागातून एका मुलीचं पत्र आलंय. चार पानांचं आहे, त्यातलं कामापुरतं देतो.

"काका, मी केमिकल इंजिनीअर, वय २९. कॅटॅलिसिसमध्ये, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांवर (कॅटॅलिस्टवर), पीएच.डी. करते, चौथं वर्ष संपत आलं. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून मेथॅनॉल करायचं, कॅटॅलिस्ट तांबं-झिंक-अ‍ॅल्युमिनाचा, लॅबमध्ये मीच बनवलेला. २५० अंशांना १४ टक्के रूपांतरण मिळालं आणि त्यावर पहिला पेपर छापून आला. त्याला दीड वर्ष झालं. मधे मे महिन्यात रिअ‍ॅक्टरचं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) गेलं, ते बदललं. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच कृतीने दोन बॅच नव्याने केल्या, तर आकडा ९ टक्क्यांच्या वर जात नाही. सर दुसऱ्या पेपरची घाई करतायत आणि त्याचा पाया जुनाच आकडा आहे. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. आपण खोटं छापलं का, या विचाराने झोप लागत नाही. त्यातच नंदेसरीच्या एका कारखान्यातून प्रोसेस इंजिनीअरची नोकरी आली आहे. बाबा रिफायनरीतून रिटायर झालेत, ते म्हणतात घे. आई लग्नाचं काढते. मी संशोधनात राहायच्या लायकीची आहे का? - नऊ टक्के"

सहीवरून एवढं कळलं की विनोदबुद्धी शाबूत आहे. बरं वाटलं.

तू तीन प्रश्न विचारलेस: खोटं छापलं का, नोकरी घेऊ का, मी लायक आहे का. यातल्या पहिल्याचं उत्तर तुझ्या लॅबच्या कपाटात आहे आणि ते मिळाल्याशिवाय पुढच्या दोघांना हात लावण्यात अर्थ नाही. पहिल्या बॅचमधला चिमूटभर कॅटॅलिस्ट उरलाय का? भट्टीत भाजलेली (कॅल्साइन केलेली), पण अजून हायड्रोजन न दिलेली (रिड्यूस न केलेली) काळी भुकटी, घट्ट झाकणाच्या एखाद्या बाटलीत तळाशी? असेल तर तीच भुकटी आजच्या रिअ‍ॅक्टरमध्ये, आजच्या थर्मोकपलवर, २५० अंशांना चालव. पुन्हा १४ आले तर रिअ‍ॅक्टर सुटला. घोळ नव्या बॅच बनवताना झालाय. ९ आले तर नव्या बॅच बिचाऱ्या ठीक आहेत, घोळ तापमानाचा आहे. दोन-तीन दिवसांचं काम.

पैज लावायची तर मी थर्मोकपलवर लावीन. पत्रात ते वाक्य तू जाता जाता लिहिलंस आणि पुढे गेलीस. मी तिथेच थांबलो. ढोबळ हिशेब कर: अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे क्रिया घडायला लागणारी ऊर्जा, मोलामागे ७० किलोजूल धरली तर २५० अंशांच्या आसपास १५ अंशांचा फरक पडला की वेग साधारण दीडपटीच्या थोडा वर जातो. १४ भागिले ९ किती होतात? म्हणजे तुझं अख्खं संकट १५ अंशांत बसतं. आणि बारीक नळीच्या रिअ‍ॅक्टरमध्ये १५ अंश चुकायला फार काही लागत नाही. थर्मोकपलचं टोक कॅटॅलिस्टच्या थरात न राहता दोन-तीन सेंटिमीटर वर राहिलं, की ते तुला थराचं तापमान सांगतच नाही, वरून येणाऱ्या वायूचं सांगतं. स्क्रीनवर २५०, आत २६५.

जुनं थर्मोकपल फेकलंस का? फेकलं नसेल तर त्याच्या म्यानावर बघ, फेरूल (ते घट्ट धरणारी कडी) आवळल्याचा वळ दिसेल. त्या वळापासून टोकापर्यंत पट्टीने मोज, नव्याचंही मोज. टोकं कुठवर पोचत होती ते तिथल्या तिथे कळेल. नव्याची परीक्षाही घेऊन टाक: बर्फाच्या पाण्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात शंभर दाखवतंय का. आपलं बडोदं समुद्रसपाटीपासून फार वर नाही, त्यामुळे शंभरच धरायला हरकत नाही.

आता दुसरी शक्यता, जुनी भुकटी अजून १४ देत असेल तर. दोन्ही नव्या बॅच तू भर पावसाळ्यात केल्यास. कॉपर नायट्रेट आणि झिंक नायट्रेट हवेतलं पाणी असं ओढतात की आपल्या मिठाच्या बरणीने लाजावं. झाकण जरा सैल राहिलं की आठवड्याभरात स्फटिक चिकट होतात. मग तू तराजूवर दहा ग्रॅम मोजतेस त्यात धातू कमी आणि पाणी जास्त, आणि झिंकची बाटली तांब्याच्या बाटलीपेक्षा जास्त ओलावली असेल तर दोघांचं प्रमाणच बदलतं. कृती शब्दशः तीच, पदार्थ वेगळा. यावर उपाय वजनावर विसंबायचंच नाही हा. नायट्रेटचं द्रावण करून ठेव, टायट्रेशनने त्यात धातू किती ते काढ आणि पुढे द्रावण मोजून घे. कंटाळवाणं काम आहे, पण पावसाळा दर वर्षी येणार आहे.

धुण्याचंही असंच. सोडियम कार्बोनेटने साका पाडलास ना? साका नीट धुतला गेला नाही तर सोडियम मागे राहतं आणि तांब्याची धार बोथट करतं. आणि धुवायचं पाणी ज्या डीआय (पाण्यातले क्षार काढणाऱ्या) प्लांटमधून येतं त्याचं रेझिन संपत आलं असेल तर क्लोराइडही येतं, तांब्याला तर ते विषच. धुतलेल्या पाण्याची कंडक्टिव्हिटी, म्हणजे त्यात क्षार किती उरले ते सांगणारा आकडा, तू लिहून ठेवली होतीस का? पहिल्या बॅचला "तीन वेळा धुतलं" आणि दुसऱ्या बॅचला "तीन वेळा धुतलं" एवढंच लिहिलं असेल तर ती नोंद नव्हे. तीन वेळा म्हणजे किती पाणी?

एक विचारू? साका पाडल्यावर ६५-७० अंशांना तू तो ढवळत ठेवतेस, तेव्हा समोर उभी असतेस का? आधी फिकट निळा गोळा असतो. बराच वेळ काही होत नाही. मग पीएच जरासा खाली झुकतो आणि त्याच सुमाराला निळ्यात हिरवी झाक येते, मालाकाइट या तांब्याच्या हिरव्या खनिजाच्या जातीचं खनिज तयार होत असतं. ही वेळ चुकली, लवकर गाळलं किंवा पीएच भरकटला, तर पुढे भट्टीत काहीही करा, तांब्याचे कण हवे तेवढे बारीक होत नाहीत. कॅटॅलिस्टला जन्मापासूनचं सगळं आठवत असतं. नोंदवहीत "रंग बदलला, ११.४०" अशी ओळ सापडते का बघ. सापडली तर मी तुला फुल मार्क देईन.

आकडा पुन्हा येत नाही म्हणून तू स्वतःला गुन्हेगार ठरवलंस. या शास्त्रातली एक मोठी गोष्ट अशाच न येणाऱ्या आकड्यातून निघाली आहे. १९०९ साली जर्मनीत बीएएसएफ या रसायन कंपनीत अल्विन मिटाश अमोनियासाठी कॅटॅलिस्ट शोधत होता. ऑस्मियम चांगलं चाले, पण जगात ते मिळणार किती? लोखंडाचे प्रयोग रडतखडत चालले होते. एके दिवशी स्वीडनच्या गॅलिव्हारे खाणीतल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाचा नमुना सहज घालून बघितला आणि अमोनिया भरभरून आला. दुसऱ्या ठिकाणचा मॅग्नेटाइट घातला तर पुन्हा शून्य. तेच खनिज, तेच सूत्र, आकडा मात्र येत नाही. मिटाशने नमुना वाईट म्हणून फेकला नाही. त्याने विचारलं, या दगडात काय जास्तीचं आहे? अ‍ॅल्युमिना आणि पोटॅश यांची किंचित भेसळ, हे उत्तर निघालं, आणि त्यासाठी त्याच्या माणसांनी अडीच हजारांच्या आसपास मिश्रणं तपासली. १९१३ मध्ये ओप्पाउला कारखाना उभा राहिला. आपल्या फर्टिलायझरनगरला किंवा कुठेही युरियाची गोणी भरते, तिच्यामागे त्या दगडातली घाण आहे. तुझ्या ५ टक्क्यांच्या फरकातून असलं काही निघेल असं मी म्हणत नाही. बहुधा थर्मोकपलच निघेल.

आता सर. त्यांना सोमवारी सांग. जुनी भुकटी चालवून झाल्यावर नको, चालवायच्या आधी. तुला वाटतंय की कारण सापडलं की मग जाऊ, म्हणजे जरा तोंड राहील. पण पेपरवर त्यांचंही नाव आहे, आणि आपल्या नावाच्या गोष्टीत गडबड आहे हे त्यांना सगळ्यात शेवटी कळलं तर त्यांना जे वाटेल ते तुझ्या पाच टक्क्यांपेक्षा महाग पडेल. तोंडी सांग आणि त्याच संध्याकाळी चार ओळींची मेल टाक: "सर, जुलै-ऑगस्टच्या दोन्ही बॅच २५० अंशांना ९ टक्के देतात, पेपरात १४ आहेत. मेमध्ये थर्मोकपल बदललं होतं. पहिल्या बॅचची भुकटी नव्या थर्मोकपलवर चालवते आहे, शुक्रवारपर्यंत कळेल. तोवर हा आकडा दुसऱ्या पेपरात घेऊ नये असं मला वाटतं." बस. माफी नको, रडगाणं नको. गाइड चांगला असेल तर मेल वाचून तोच उठून रिअ‍ॅक्टरपाशी येईल. "चालतं गं, टाक" असं म्हणालाच, तर तुझ्या संशोधन सल्लागार समितीत आणखी माणसं असतात. पुढच्या बैठकीत दोन्ही आकडे एकाच तक्त्यात मांडायचे, कुणावर बोट न दाखवता.

"खोटं छापलं का?" यावर माझं उत्तर: तू वाचलेला आकडा छापलास. यंत्राने चुकीचा वाचून दाखवला असेल तर ती चूक आहे. कळल्यानंतर गप्प बसून त्याच आकड्यावर दुसरा पेपर उभा केलास तर मात्र शब्द बदलावा लागेल. तापमान चुकलं असं ठरलं तर जर्नलला दुरुस्ती पाठवायची. लाज वाटते? फ्रान्सिस अर्नॉल्डचं नाव तुला माहीत असेलच, तुझ्याच बिरादरीतली, पीएच.डी. केमिकल इंजिनीअरिंगमधली. एन्झाइम म्हणजे निसर्गाचे कॅटॅलिस्ट, त्यांच्यावरच्या कामासाठी २०१८ चं रसायनाचं नोबेल. २०२० च्या जानेवारीत तिने आपला एक पेपर मागे घेतला. निकाल पुन्हा मिळत नव्हते आणि नोंदवहीत महत्त्वाच्या प्रयोगांच्या नोंदी नव्हत्या. जाहीरपणे सांगितलं, माझं लक्ष कमी पडलं म्हणून. नोबेल काही कुणी परत मागितलं नाही.

माझी गोष्ट याहून लहान आहे. मी एका अमोनिया प्लांटमध्ये होतो, कुठल्या ते राहू दे. तिथल्या लो टेम्परेचर शिफ्टचा, म्हणजे वायूतला कार्बन मोनॉक्साइड काढणाऱ्या रिअ‍ॅक्टरचा, नवा चार्ज (कॅटॅलिस्टचा भरणा) भरला होता, तुझ्याच कुळातला, तांबं आणि झिंक. असा चार्ज रिड्यूस करताना नायट्रोजनमध्ये टक्का-दीड टक्का हायड्रोजन सोडतात आणि दिवसचे दिवस थांबतात, कारण रिडक्शनची उष्णता फार. माझी नाइट शिफ्ट. अ‍ॅनालायझर एकाच आकड्यावर अडकलेला, मला वाटलं हायड्रोजन पोचतच नाहीये, म्हणून व्हॉल्व्ह अर्धा आटा जास्त उघडला. खरं तर अ‍ॅनालायझरला वायू नेणारी सॅम्पल लाइन चोंदली होती. वरच्या थराचं तापमान चढायला लागलं ते थांबेना. हायड्रोजन बंद करेपर्यंत वरचा थर तीनशेच्या पुढे गेला होता, आणि त्या तापमानाला तांब्याचे कण एकमेकांना चिकटतात, ते परत सुटत नाहीत. पहाटे चार वाजता लॉगशीट समोर. अ‍ॅनालायझर खराब होता हे खरं होतं, तेवढंच लिहून मोकळं होता आलं असतं. व्हॉल्व्ह मी उघडला हेही लिहिलं. तीन महिने साहेब धड बोलत नव्हते. पण पुढचा चार्ज भरला तेव्हा रिडक्शनच्या रात्री पॅनलवर मलाच बसवलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

नोकरीचं. आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत पगाराचं प्रेम पिढीजात आहे. पणजोबा गायकवाड सरकारच्या कचेरीत, आजोबा शाळेत किंवा रेल्वेत, बाप रिफायनरीत नाही तर खत कारखान्यात. पहिल्या तारखेची सवय लागलेल्या घरात चौथ्या वर्षीही "अजून शिकतेय" म्हणणाऱ्या मुलीची काळजी वाटणारच. बाबांना दोष देऊ नकोस. फेलोशिपचे दर २०२३ च्या जानेवारीपासून पहिली दोन वर्षं ३७ हजार आणि पुढे ४२ हजार आहेत, वर घरभाडं. उपाशी राहायची वेळ नाही, पण ती पाच वर्षांत संपते, हे त्यांना दिसतंय.

माझं मत: ही नोकरी आत्ता घेऊ नकोस. कारखाना वाईट असतो म्हणून नाही. मी तिथेच जन्म काढला. पण आत्ता गेलीस तर नऊ आणि चौदा यांच्यातलं कोडं अर्धवट टाकून जाशील आणि दहा वर्षांनी शिफ्टमध्ये रात्री दोन वाजता ते आठवेल. कारखान्याला लिही, आठ महिन्यांत प्रबंध सादर करून मग रुजू होऊ शकते, चालेल का? बहुतेक नाही म्हणतील. म्हणू देत. नंदेसरी, दहेज, अंकलेश्वर कुठे पळून जात नाहीत, आणि कॅटॅलिस्ट बनवणाऱ्या, वापरणाऱ्या कंपन्यांना हातात पीएच.डी. आणि डोक्यात सोडियमची भीती असलेली माणसं लागतातच.

प्राध्यापकीचं स्वप्न असेल तर रस्ता लांब आहे, हे गोड करून सांगणार नाही. आयआयटीसारख्या ठिकाणी सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी.नंतर साधारण तीन वर्षांचा अनुभव मागतात, म्हणजे एक-दोन पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नेमणुका) आलेच. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपला वयाची मर्यादा ३५ आहे, स्त्रियांना पाच वर्षांची सवलत. लग्न-मुलांमुळे खंड पडला तर परत येण्यासाठी केंद्राची वाईज-किरण योजना आहे. आईला हे सांगून ठेव, म्हणजे लग्न आणि लॅब यांतलं एकच निवडायचं असतं असं तिला वाटणार नाही. राज्यातल्या कॉलेजांत कायमच्या जागा निघतील तेव्हा निघतात, तोवर कंत्राटी. पण तुझ्या विषयात विद्यापीठ आणि कारखाना यांच्यातली भिंत पातळ आहे, आणि हे बडोद्याच्या माणसाला तरी सांगायला नको. पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तयार झालेला एन्सिलाइट नावाचा झिओलाइट (बारीक छिद्रांचा कॅटॅलिस्ट) ऐंशीच्या दशकात झायलीन या रसायनासाठी पहिल्यांदा मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये भरला गेला तो इथे, आयपीसीएल या तेव्हाच्या सरकारी पेट्रोकेमिकल कारखान्यात. लॅबमधल्या भुकटीचा टनावारी माल होताना या गावाने पाहिलाय. पुणे, डेहराडून, भावनगर, हैदराबाद इथल्या सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा, तेल कंपन्यांची संशोधन केंद्रं, सगळीकडे तुझ्या कामाची माणसं बसतात. तेव्हा "प्राध्यापक नाही तर काहीच नाही" असं डोक्यात असेल तर ते काढ.

आणि लायकी? चार महिने तू त्या पाच टक्क्यांशी तडजोड केली नाहीस. पाच टक्के म्हणजे काय, ट्रेंड तर तोच आहे, असं म्हणून पुढे सरकणारे मी पुष्कळ पाहिले. तुझ्या चुका वेगळ्या आहेत: नोंदी ढिसाळ असाव्यात असा दाट संशय आहे, थर्मोकपल बदलल्यावर जुना नमुना परत चालवायला हवा होता तो चालवला नाहीस, आणि सांगायला उशीर केलास. तिन्ही शिकण्यासारख्या आहेत. यंत्रातलं काहीही बदललं की जुना ओळखीचा नमुना आधी चालवायचा, ही सवय आजपासून लाव. त्यासाठी प्रत्येक चांगल्या बॅचमधला ग्रॅमभर बाजूला ठेवायचा, बाटलीवर तारीख घालून, आणि तो कुणालाही द्यायचा नाही, सरांनाही नाही.

राहता राहिले बाबा. रिफायनरीत होते म्हणतेस. कॅट क्रॅकरवर, म्हणजे जड तेल फोडून पेट्रोल करणाऱ्या युनिटवर, होते का, विचार. तिथे कॅटॅलिस्ट तेलाला दोन-चार सेकंद भेटतो, कोकने काळा होतो, सातशे अंशांच्या आसपास जळून उजळतो आणि परत तेलाकडे धावतो, रात्रंदिवस. त्यावर नसले तरी तीस वर्षं लॉगशीट वाचलेला माणूस आहे. या रविवारी शेवउसळ झाली की मे महिन्याच्या आधीचे आणि नंतरचे तुझे तापमानाचे छापील तक्ते त्यांच्यासमोर ठेव, नोकरीचा विषय न काढता. जुनं थर्मोकपल सापडलं तर तेही ने. हीटरला किती पॉवर जात होती आणि थर्मोकपल किती दाखवत होतं, हे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवलेस तर तुझ्या-माझ्या आधी त्यांनाच दिसेल कुठे घसरलं ते. चष्मा आधी पुसून दे.